सोडलेल्या मालकाच्या दारी पुन्हा

एखाद्या गृहस्थाने वरिष्ठांशी पटत नाही म्हणून, किंवा चार पैसे अधिक मिळतात म्हणून, एका कंपनीचा राजीनामा द्यावा, दुसरीकडे बस्तान बसवावे आणि तीन-चार वर्षांनी एका सकाळी वर्तमानपत्रात वाचावे की, पहिल्या कंपनीने दुसरी विकत घेतली. हा प्रकार आता कल्पनेतला राहिलेला नाही. पुण्या-मुंबईच्या संगणक व्यवसायात तर त्याला पुरेपूर वाव निर्माण झाला. कॅपजेमिनी या फ्रेंच कंपनीने पुण्यात मोठा व्याप असलेली कॅनबे घेण्याचे २००६ साली जाहीर केले. मुंबईची पटणी २०११ मध्ये आयगेटकडे गेली आणि २०१५ मध्ये खुद्द आयगेटच कॅपजेमिनीने घेतली. कॅपजेमिनी सोडून जो पटणीत गेला असेल, तो आपल्या खुर्चीवरून न हलता जुन्या धन्याच्या हजेरीपटावर परत आला.

अशा माणसाच्या मनात पहिली भीती येते ती जुन्या कागदांची. नोकरी सोडताना झालेली बोलाचाली, भरावयाचा राहिलेला नोटिशीचा पगार, ‘पुन्हा घेऊ नये’ असा कुणी रागाच्या भरात मारलेला शेरा हे सारे कुठल्यातरी फायलीत असणारच. ‘प्रतिस्पर्ध्याकडे जाणार नाही’ असे पूर्वी लिहून दिले असेल तर त्याचीही धास्ती वाटते. हे शेवटचे भय बहुधा निराधार असते, कारण १८७२ च्या करार कायद्याच्या २७ व्या कलमानुसार नोकरी संपल्यानंतरचे असे बंधन रद्दबातल ठरते. शेऱ्याचेही तसेच. तो नव्याने नेमणूक करण्यापुरता असतो, आणि येथे तर नेमणूक नव्हे, चालू नोकरीच पुढे सरकते आहे. पण दोन कचेऱ्या एक झाल्या की एकेका टेबलाला दोन-दोन माणसे होतात. त्यांतील कोणते ठेवावे हे ठरविताना फाईल उघडली गेली की नाही, हे सिद्ध कोण करणार?

याविषयी कायदा काय म्हणतो ते पाहू गेल्यास वाट थेट बार्शीला जाते. बार्शी लाइट रेल्वे ही विलायती कंपनीची मालमत्ता. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने ती ताब्यात घेतली. कंपनीने आदल्या दिवशी नोकरांची सेवा संपविली आणि सरकारने त्यांतील बहुतेकांना लगोलग कामावर घेतले. त्यांना नोकरकपातीची भरपाई मिळावी काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २७ नोव्हेंबर १९५६ रोजी न्यायालयाने सांगितले की, चालू धंद्यात जादा झालेली माणसे कमी करणे म्हणजे नोकरकपात. धंदाच मालकाच्या हातून गेला तर ती कपात नव्हे. ही फट संसदेने १९५७ मध्ये औद्योगिक कलह कायद्यात नवे कलम घालून बुजविली. उद्योग दुसऱ्याच्या हाती गेल्यास कामगाराला भरपाई द्यावी. मात्र सेवेत खंड पडला नसेल, सेवाशर्ती पूर्वीपेक्षा उण्या नसतील आणि पुढेमागे कपात झालीच तर मागील सेवा धरून भरपाई देण्याची जबाबदारी नव्या मालकावर असेल, तर ती देण्याचे कारण नाही, असे ते कलम. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ही चौकट कायम आहे.

आता आपल्या गृहस्थाला या चौकटीत बसवून पाहू. समजा, पहिल्या कंपनीत त्याची चार वर्षे झाली आणि दुसरीत तीन. कायम नोकराला ग्रॅच्युइटीसाठी सलग पाच वर्षे सेवा लागते. म्हणजे पहिल्या वेळी तो रिकाम्या हाताने बाहेर पडला. आज दोन्ही घरे एक झाली, तरी मोजायची तीनच वर्षे, कारण मधला राजीनामा कायद्याच्या लेखी खंडच. नोकरकपातीत सर्वांत शेवटी आलेला आधी जातो, हा आपल्याकडील जुना नियम. तो लावताना त्याच्याच हाताखाली काम शिकलेला आणि नोकरी न सोडलेला सहकारी त्याच्यापेक्षा ज्येष्ठ ठरतो.

आणि हे संरक्षणही ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यासच. कारकून तीत बसतो, त्याचा पगार कितीही असो. व्यवस्थापक बसत नाही. पर्यवेक्षकाला नव्या संहितेत अठरा हजार रुपयांची मर्यादा आहे. शिक्षक कामगार नव्हेत, हे तर गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच सांगून ठेवले आहे. खाजगी शाळा आणि शिकवणीवर्ग यांचीही खरेदी-विक्री होऊ लागलेली असताना ते विसरून चालणार नाही.

परंतु खरी मेख निराळीच आहे. कंपनी विकत घेणे म्हणजे पुष्कळदा तिचे भाग विकत घेणे. भागांचे धनी बदलले तरी कंपनी ही कायदेशीर व्यक्ती तीच राहते. म्हणून मालक बदललेलाच नाही, असे कायदा मानतो. वरची पाटी बदलते, साहेब बदलतात, नियमपुस्तिका बदलते, आणि १९५७ चे कलम दारातही येत नाही.

इंग्लंडमध्ये १९४० साली नोक्स नावाच्या खाणकामगाराचा खटला उमरावांच्या सभागृहापुढे आला होता. त्याची कंपनी दुसरीत विलीन झाली आणि तो कामावर गैरहजर राहिला म्हणून नव्या कंपनीने त्याच्यावर दावा लावला. नोकरीचा करार मालमत्तेसारखा आपोआप हस्तांतरित होत नाही, असा निर्णय झाला. धनी निवडण्याचा हक्क हाच लॉर्ड ॲटकिन यांनी नोकर आणि भूदास यांतील भेद मानला. आमच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये, फिलिप्सचा कोलकात्याचा कारखाना विकला गेल्याच्या प्रकरणात, संमतीवाचून कामगारांना नव्या व्यवस्थापनाकडे ढकलता येणार नाही, असे म्हटले. नोकरदाराच्या हाती मुळात एकच हत्यार असते, राजीनामा. ते त्याने एकदा वापरले, त्याची किंमतही मोजली. आणि पैसेवाल्याने कंपनी घेऊन ते बोथट करून टाकले.

विलीनीकरणे थांबवावीत असे कोणी शहाणा म्हणणार नाही. प्रत्येकाची संमती घेत बसले तर एकही सौदा पुरा व्हायचा नाही, हा उद्योगपतींचा आक्षेपही अगदीच पोकळ नव्हे. पण विकणाऱ्याने मनात आणले तर अटी घालता येतात. एअर इंडिया टाटांना देताना सरकारने २०२१ मध्ये वर्षभर कोणालाही काढायचे नाही आणि दुसऱ्या वर्षी काढायचे झाल्यास स्वेच्छानिवृत्ती देऊ करायची, असे ठरवून घेतले. विकणारे सरकार होते म्हणून हे घडले. खाजगी सौद्यात नोकरांच्या वतीने बोलणारा कोण? तेव्हा, भागखरेदीने ताबा बदलला तरी त्यास हस्तांतर समजावे आणि नव्या धन्याकडे राहू न इच्छिणाऱ्याला सहा महिन्यांच्या आत भरपाई घेऊन बाहेर पडण्याची मुभा असावी, एवढी दुरुस्ती संहितेत करणे अशक्य नाही.

ती होईपर्यंत कर्मचाऱ्याने एका कागदाकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. सौद्यानंतर ‘केवळ औपचारिकता’ म्हणून कधी राजीनामा आणि नवे नेमणूकपत्र यांवर एकदमच सह्या मागितल्या जातात. अशी सही केली की दुसऱ्या कंपनीतील तीन वर्षांवरही पाणी सोडण्याची पाळी येऊ शकते. नेमणुकीची मूळ तारीख आणि सेवेचे सातत्य त्या पत्रात लिहून मिळत नसेल, तर सही करण्यापूर्वी ते लेखी मागावे आणि त्या मागणीची पोच घ्यावी.