सशाच्या तोंडी गाजराची पुंगी

जी वस्तू जगात नाहीच तिला आपले जुने नैयायिक ‘शशशृंग’ म्हणत. सशाचं शिंग. वंध्यापुत्र आणि आकाशपुष्प यांच्या पंगतीतलं. आपल्या पिढीने सशाला आणखी एक शशशृंग चिकटवलं आहे आणि ते शिंगापेक्षा घातक आहे. शिंगावर निदान कुणाचा विश्वास नव्हता, यावर सगळ्यांचा आहे. ते म्हणजे गाजर.

बालवाडीच्या भिंतीवरचा ससा आठवा. मुळाक्षरांच्या तक्त्यातला, वाढदिवसाच्या केकवरचा, रंगवायच्या पुस्तकातला ससाही आठवा. गाजराशिवाय कुणी काढलाच नाही. त्यामुळे घरात खराखुरा ससा आला की पहिल्या दिवशी त्याच्यापुढे काय ठेवायचं याचा विचारच होत नाही. अख्खं गाजर जातं, सोलून जातं, आणि तो कुडुम कुडुम खायला लागला की घरादाराचे मोबाइल बाहेर येतात.

या समजुतीचा मोठा प्रचारक सापडतो तो हॉलिवूडच्या व्यंगचित्रपटांत. १९४० सालच्या एका चित्रपटात बग्ज बनी नावाचा ससा गाजर चावत बोलू लागला. ते गाजर त्याच्या हाती आलं क्लार्क गेबल या नटामुळे, असं त्या सशाच्या जन्मदात्यांनीच सांगून ठेवलं आहे. १९३४ सालच्या एका प्रेमपटात गेबल कुंपणाला टेकून गाजर खात खात बोलतो. त्या वेळच्या प्रेक्षकांना तो प्रसंग तोंडपाठ होता, म्हणून सशाने त्याची नक्कल केली. एका नटाची टिंगल हा ज्या आहाराचा उगम, तो आपण पशुवैद्यकशास्त्र म्हणून पाळतो आहोत. त्याआधीच्या, १९०२ सालच्या बिअ‍ॅट्रिक्स पॉटरबाईंच्या गोष्टीतला पीटर ससा बागेत शिरून काय खातो? लेट्यूस, घेवड्याच्या शेंगा आणि मुळे. आणि मग पोट बिघडल्यासारखं वाटून पार्सली शोधत फिरतो. बाईंनी ससे पाळले होते, हे कळतं.

आता गाजराच्या वतीने पूर्वपक्ष मांडू, आणि प्रामाणिकपणे मांडू. गाजर काही विष नाही. त्यात जीवनसत्त्वं आहेत, ते शाकाहारी प्राण्याला का बाधावं? आणि मुख्य म्हणजे ससा ते इतक्या आवडीने खातो, ज्याला जे मानवतं तेच त्याला आवडतं ना?

यातलं पहिलं वाक्य खरं आहे. गाजर विष नाही. शेवटचं मात्र इतकं खोटं आहे की ते आपल्या घरातच रोज खोटं ठरतं. मुलांपुढे एका ताटात भाकरी-भाजी आणि दुसऱ्यात चॉकलेट ठेवून बघा. शंभर ग्रॅम गाजरात साधारण पाच ग्रॅम साखर असते, केळ्यात त्याच्या दुपटीहून जास्त. रानात सशाला गोड क्वचित मिळतं, म्हणून मिळालं की त्याने हावऱ्यासारखं खावं, ही निसर्गाने लावलेली सवय. दोन किलोच्या प्राण्याला शंभर ग्रॅमचं गाजर म्हणजे साठ किलोच्या माणसाने एका बैठकीत तीन किलो गाजरं खाण्यासारखं आहे. आणि आपलं पोट सशाचं नाही.

ते पोट काय आहे, हे कळलं की निम्मा वाद तिथेच संपतो. ससा म्हणजे छोटी गाय नव्हे आणि मोठा उंदीर तर नव्हेच. गाय आंबवण्याचं काम जठराच्या आधी, रोमंथिकेत करते आणि मग सावकाश रवंथ करत बसते. सशाची भट्टी पोटाच्या मागच्या टोकाला, आंधळ्या आतड्यात असते. जठराच्या सुमारे दहापट मावेल एवढं ते मोठं. तिथे कोट्यवधी जिवाणू बसलेले असतात. गवताचा चोथा मोठ्या आतड्यात आला की तिथे चाळणी लागते. लांब, जाड तंतू सरळ पुढे ढकलले जातात आणि त्यांच्या सुक्या, गोल लेंड्या होऊन पडतात. बारीक कण आणि रस उलट दिशेने मागे, आंधळ्या आतड्यात सोडले जातात. तिथे ते मुरतात. काही तासांनी त्यातून मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारख्या लेंड्या तयार होतात आणि ससा मान वाकवून त्या थेट गुदद्वाराशीच तोंड लावून खातो. बहुधा रात्री किंवा पहाटे, म्हणून आपल्याला दिसत नाही. त्यात प्रथिनं असतात, ब जीवनसत्त्वं असतात. ज्यांना हे कळतं त्यांना किळस येते आणि ते सशाला हटकतात. कृपा करून हटकू नका, तो जेवतो आहे.

या सगळ्या यंत्रणेला ढकलणारा हात एकच, तो लांब चोथा. तो जठरात पचत नाही, हेच त्याचं मोल. तो आत येत राहिला की आतडं हलत राहतं. तो थांबला आणि त्याच्या जागी पिठूळ-गोड काही आलं, तर ते आंधळ्या आतड्यापर्यंत पोचून भलत्याच जिवाणूंची चंगळ करतं. वायू धरतो, पोट दुखतं, दुखलं की ससा खात नाही, खात नाही म्हणून आतडं आणखी मंदावतं. सशाला ओकताही येत नाही, जे आत गेलं ते पुढेच सरकलं पाहिजे. डॉक्टर याला जीआय स्टेसिस म्हणतात, ससेवाले ‘पोट बंद पडलं’ म्हणतात. बारा तास ससा खात नाही, लेंडी टाकत नाही, कोपऱ्यात फुगून बसला आहे, तर ‘उद्या बघू’ म्हणायची सोय नाही. आणि घरातलं अमॉक्सिसिलिन तर चुकूनही तोंडावाटे द्यायचं नाही. माणसाच्या मुलाला चालणारं ते औषध सशाच्या आतड्यातले कामाचे जिवाणू मारतं आणि मागोमाग ससाही जातो.

‘केस गिळल्यामुळे गोळा झाला, पपई किंवा अननसाचा रस पाजा’ हा आणखी एक ठरलेला सल्ला. ससा दिवसभर अंग चाटतो, त्याच्या पोटात केस असणारच. आतडं चालू असलं की ते लेंडीतून जातात. गोळा हे आतडं मंदावल्याचं फळ आहे, कारण नव्हे. वर साखरेचा रस पाजणं म्हणजे जळत्या गवतावर रॉकेल.

आता बळकट पूर्वपक्षाकडे. तो गाजराचा नाही, तयार खाद्याच्या गोळ्यांचा आहे. ‘दुकानात सशाचं खाद्य मिळतं. पाकिटावर संपूर्ण आहार लिहिलेलं असतं. ससापालन करणारे शेकडो ससे त्यावरच वाढवतात, त्यांना काय कळत नाही?’ त्यांना कळतं, आणि फार चांगलं कळतं. पण त्यांचा प्रश्न वेगळा आहे. न्यूझीलंड व्हाइट किंवा सोव्हिएट चिंचिला पाळणाऱ्या शेतकऱ्याला तीनेक महिन्यांत दोन किलोचा ससा बाजारात न्यायचा असतो. त्याच्या सशाला चौथ्या वर्षी दाढा टोचतील का, सहाव्या वर्षी मूत्राशयात चुना साचेल का, याच्याशी त्याचा संबंध नाही. तो ससा तिथवर पोचणारच नसतो. घरातला ससा आठ-दहा वर्षं जगावा अशी आपली इच्छा. खाटकाच्या हिशेबाने वाढवायचं आणि नातवंडाच्या हिशेबाने जगवायचं, हे जमत नाही.

शिवाय दात. सशाचे दात जन्मभर वाढतात, पुढचे आठवड्याला दोनेक मिलिमीटर. दाढाही वाढतात. गवत चघळताना त्याचा जबडा आडवा, जात्यासारखा फिरतो आणि दाढा एकमेकींवर घासल्या जातात. गोळी मात्र एका दाबात फुटते. जी पोषणद्रव्यं मिळवायला गवतावर सहा-आठ तास चघळायला हवं, ती गोळ्यांतून दहा मिनिटांत आत जातात. मग उरलेला दिवस दाढांनी करायचं काय? त्यांना काटे फुटतात, जीभ आणि गाल सोलवटतात, आणि ‘आमचा ससा हल्ली नखरे करतो, मऊच मागतो’ अशी तक्रार सुरू होते. तरी गोळ्यांना माझी सरसकट बंदी नाही. मोठ्या सशाला किलोमागे दिवसाला २५ ग्रॅमच्या वर नकोत, एवढंच. बिया, मका आणि रंगीत तुकड्यांची भेळ असलेलं पाकीट तर आणूच नये. ससा त्यातलं गोड वेचून खातो आणि उरलेलं आपल्याला परत करतो.

याच रांगेत आपली पोळी, पाव, बिस्किट, भिजवलेले हरभरे. घरच्या आजीला हे सांगणं कठीण, मी सांगून पाहिलं आहे. आजीच्या लेखी जो पाहुणा गवत खातो त्याचा आपण पाहुणचारच केला नाही. खरी अडचण हीच आहे. आपल्याकडे माया ताटातून व्यक्त होते आणि गवतात कुणाला माया दिसत नाही.

त्यातूनच ‘गुटगुटीत’ ससा जन्माला येतो. लोक त्याला उचलून ‘कापसाचा गोळा’ म्हणतात. जाड सशाला मागे मान वळवून मऊ लेंड्या खाता येत नाहीत. त्या बुडाला चिकटतात, पावसाळी दिवसांत माश्या तिथे अंडी घालतात, आणि जिवंत प्राण्याला अळ्या खाऊ लागतात. हे वाचायला वाईट वाटत असेल, तर बघायला कसं वाटेल. तळपायांना फोड येतात ते वेगळेच. वजन ओळखायला डोळ्यांवर विसंबू नये, केस फसवतात. हात फिरवा. पातळ गोधडीखाली बाजेचा सुंभ जाणवतो तशा फासळ्या जाणवायला हव्यात. अजिबात लागल्या नाहीत तर जाड, टोचल्या तर बारीक. स्वयंपाकघरातल्या काट्यावर आठवड्याला एकदा तोलावं. पण जाड दिसला म्हणून उपास घडवू नका. लठ्ठ ससा एकदम उपाशी राहिला तर चरबी यकृतात भरते आणि तो दगावतो. गोळ्या हळूहळू कमी करायच्या, गवत मात्र कधीच मोजायचं नाही.

‘सशाला पाणी दिलं की हगवण लागते’ या समजुतीवर एक वाक्य पुरे: सुकं गवत खाणाऱ्या प्राण्याला मातीच्या जड वाडग्यात सतत पाणी हवं, एप्रिल-मेमध्ये तर दुप्पट लक्ष हवं.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत वाजवी वाटतो. ‘टिमथी गवत परदेशातून येतं, महाग पडतं. हे साहेबी चोचले झाले.’ पैशाची तक्रार बरोबर आहे, पण निष्कर्ष नाही. पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, आपल्या माळावरच्या सशापेक्षा वेगळी जात. आपण दोघांनाही एकच नाव देतो इतकंच. तिकडे त्याने काही टिमथीची दुकानं काढली नव्हती. १८५९ साली टॉमस ऑस्टिनने ऑस्ट्रेलियात मूठभर ससे सोडले आणि त्यांनी तो खंड व्यापला, तो तिथे जे गवत-पाला होतं त्यावर. सशाला गवताच्या जातीचं नाव नको, लांब तंतू हवा. तो आपल्याकडे नाही? पालघर-वाड्याच्या डोंगरांवरचं गवत पावसाळ्यानंतर कापून, वाळवून मुंबईच्या तबेल्यांत जात आलं आहे. मारवेल आहे, ओटचा वाळवलेला चारा आहे. हरळी तर आपल्या पायाखाली. गणपती एकवीस दूर्वांवर प्रसन्न होतो, सशाला रोज त्याच्या अंगाएवढा भारा लागतो, फरक एवढाच. फवारणी झालेलं, रस्त्याकडेचं, कुत्र्यांच्या वाटेवरचं नको. ज्वारीचा कोवळा हिरवा चारा नको, त्यात विष असतं, हे गुराखीही जाणतो. आणि आपल्या हवेत खरा शत्रू बुरशी. जुलै-ऑगस्टमध्ये गवताचा वास घ्यावा, कुबट आला की टाकून द्यावं. लसूणघास स्वस्त आणि हिरवागार म्हणून मोह पडतो. वाढत्या पिल्लांना तो चालतो, पण मोठ्यांना रोज नको. त्यात चुना फार, आणि सशाचं शरीर खाण्यातला चुना गरज नसली तरी शोषून घेतं, मग लघवीतून काढत बसतं. सुबाभूळही बेताने, त्याने केस गळतात. कांदा, लसूण, अळू, कण्हेर यांच्या वाटेला जायचंच नाही.

गवतासोबत पालेभाज्या मूठ-दोन मूठ: कोथिंबीर, शेपू, पुदिना, मुळ्याचा पाला, फ्लॉवरची पानं. पालक अधूनमधून. नवीन भाजी एका वेळी एकच, थोडी, आणि दुसऱ्या दिवशी लेंड्या पाहून पुढे. मोठ्या, कोरड्या, चुरडल्यावर भुशासारख्या सुटणाऱ्या लेंड्या म्हणजे सगळं ठीक. लहान, वेड्यावाकड्या, केसांनी माळेसारख्या ओवलेल्या दिसल्या तर गवत कमी पडतं आहे.

मग गाजर? आठवड्यातून एकदोनदा अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा, औषधाची गोळी लपवायला किंवा पिंजऱ्यात बोलवायला. मंडईत गाजरं घेतली की भाजीवाल्या मावशी सवयीने पाला मोडून पाटीखाली टाकतात. मी हात धरतो. “पाला राहू द्या, मावशी.”

“काय करता त्याचं?”

“ससा खातो.”

“आणि गाजरं?”

“ती आम्ही खातो.”

मावशींनी गेल्या आठवड्यात आणखी चार जुड्यांचा पाला पिशवीत कोंबला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.