कोलोनच्या चौकात

कोलोन नगराच्या जुन्या भागातील एका पानगृहात, १९ जून २०२४ च्या दुपारी, माझ्यापुढे जी बशी ठेवण्यात आली तिच्यात राय धान्याचा एक लहानसा पाव, चीजचा जाड काप, मोहरीची चटणी आणि कच्च्या कांद्याच्या चकत्या एवढेच पदार्थ होते. आणि लासलगावात जन्मलेल्या, आडतीवर दिवाणजी असलेल्या वडिलांच्या शेजारी बसून कांद्याचे भाव ऐकत लहानाच्या मोठ्या झालेल्या माणसाने अशा वेळी आधी कांद्याचीच चकती उचलावी, हे स्वाभाविक होते. मी ती उजेडाकडे धरून पाहिली. पापुद्रा पातळ, पाणीदार. तिखटपणा जिभेवर आला तो उशिरा आणि गेला तो लवकर. या पदार्थाला तेथील बोलीत ‘हाल्व हान’, म्हणजे अर्धा कोंबडा, असे नाव असल्याने आमच्यातील माळकरी मंगळवेढेकराने प्रथम बशी दूर सारली होती. तिच्यात कोंबड्याचा अंशही नाही, याची रीतसर खात्री झाल्यावर मात्र त्याने आणखी एक मागवली. चातुर्मास लागायला अद्याप महिना अवकाश होता, तेव्हा कांद्यालाही त्याची हरकत नव्हती.

आम्ही चौघे या परमुलखात पाठीवर सॅक टाकून कसे येऊन पोहोचलो, हे सांगायचे तर चौतीस वर्षे मागे जावे लागेल. १९९० साली मी कायद्याच्या अभ्यासासाठी कोल्हापुरात वसतिगृहात राहत होतो. कुस्तीइतकेच फुटबॉलवर जीव टाकणारे महाराष्ट्रातले ते एक शहर. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी ही नावे तेथे तालमींची, आणि फुटबॉलच्या संघांचीही. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठाच्या पेठा ओस पडत. आमच्या खोलीतला कोल्हापूरकर एका तालमीकडून खेळत असे, आणि निफाड तालुक्यातून आलेल्या मला चेंडू पायाने अडवायचा कसा हे त्यानेच शिकवले. त्या जूनमध्ये इटलीत विश्वचषक चालू होता. कॅमेरूनने पहिल्याच सामन्यात जगज्जेत्या अर्जेंटिनाला एका गोलाने हरवले, ते वसतिगृहाच्या सभागृहातील दूरदर्शन संचासमोर दाटीवाटीने बसून आम्ही पाहिले, आणि त्या रात्री रंकाळ्याच्या कट्ट्यावर चौघांनी एकमेकांना शब्द दिला की एकदा तरी ही स्पर्धा भरलेल्या गावात जाऊन राहायचे. भारताचा संघ १९५० च्या विश्वचषकाला पात्र ठरूनही गेला नाही, आणि त्यानंतर तशी संधी आलेली नाही. त्यामुळे या खेळावर प्रेम करणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला परक्यांच्या संघांसाठीच जागरणे करावी लागली आहेत. यात मला कमीपणा वाटत नाही. दुसऱ्याच्या घरच्या कार्यात मनापासून राबणारा पाहुणा आपल्याकडे मानाचा असतो.

संसार, व्यवसाय, आजारपणे यांत शब्द मागे पडत गेला. आमच्यातल्या मिरजकराची मुलगी आखेनला शिकायला गेली आणि जर्मनीत युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा भरणार असे ठरले, तेव्हा कुठे परवान्यांची आणि खर्चाची तजवीज झाली. उतरलो ते तरुण प्रवाशांसाठी असलेल्या स्वस्त निवासात. एका खोलीत एकावर एक अशा आठ खाटा, आणि पंचावन्नाव्या वर्षी शिडीने वरच्या खाटेवर चढताना कोल्हापूरकराला वसतिगृहाची इतकी तीव्र आठवण झाली की तो कितीतरी वेळ कुणाशी बोललाच नाही.

सामन्याची तिकिटे आमच्यापाशी नव्हती, तशी ती तेथे आलेल्या हजारो लोकांपाशी नव्हती. त्या रात्री नऊ वाजता स्कॉटलंडची गाठ स्वित्झर्लंडशी होती, आणि सकाळपासून रेल्वे स्थानकाच्या दारापासून थेट र्‍हाइनच्या काठापर्यंत जिकडे पाहावे तिकडे गर्द निळे सदरे आणि चुण्यांचे लोकरी किल्ट यांचीच दाटी झाली होती. मशकवाद्याचा सूर मी प्रथमच इतक्या जवळून ऐकला. सनईला सूर धरणारा साथीदार जसा श्वास तुटू न देता एकच स्वर लांबवीत राहतो, तसा त्या पिशवीतून एक स्वर अखंड वाहत असतो, आणि त्याच्या आधाराने धून वर-खाली फिरते. मंगळवेढेकर त्या वादकासमोर हात जोडून उभा राहिला, तेव्हा वादकानेही मान लववली.

या लोकांची अवस्था त्या दिवशी काय होती, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. पाचच दिवसांपूर्वी, १४ जूनला, म्युनिकमध्ये स्पर्धेच्या उद्घाटनाच्या सामन्यात जर्मनीने त्यांच्या संघाचा ५-१ असा पराभव केला होता, आणि तो एकुलता एक गोलदेखील जर्मन बचावपटूकडून चुकून आपल्याच जाळ्यात गेलेला होता. स्कॉटलंड तोवर कोणत्याही मोठ्या स्पर्धेत पहिल्या फेरीच्या पुढे गेलेला नव्हता. त्यांच्यातील एक तरुण तर ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्क मैदानापासून म्युनिकपर्यंत सुमारे हजार मैल पायी चालत आला होता, मानसिक आजाराशी झगडणाऱ्या पुरुषांसाठी निधी गोळा करीत, आणि पोहोचल्यावर त्याने पाहिला तो हा पराभव. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत चालणारे वारकरी मी लहानपणापासून पाहिले आहेत. चालणे हेच ज्यांचे पोहोचणे असते अशी माणसे मला नवी नव्हती, तरी ती या वेषात भेटतील असे वाटले नव्हते.

दुपार कलताना कोलोनच्या महामंदिराच्या, म्हणजे कॅथेड्रलच्या, पायऱ्यांवर एका वृद्ध गृहस्थाची ओळख झाली. ॲबर्डीनचा निवृत्त सुतार. इमारतीच्या लाकूडकामाविषयी आणि दगडकामाविषयी तोच आम्हाला सांगू लागला. हे देवालय १२४८ मध्ये आरंभले गेले, सोळाव्या शतकात काम थांबले, आणि पुरे झाले ते १८८० मध्ये. मधल्या काळात दक्षिणेकडील अपुऱ्या मनोऱ्यावर बांधकामाची लाकडी यारी तशीच उभी राहिली, आणि शतकानुशतके ती या शहराची ओळख होऊन बसली. सुतार म्हणाला की या मनोऱ्यांपेक्षा त्याला ती यारी पाहायला अधिक आवडली असती. मग त्याने खिशातून एक वही काढली.

ती हिशेबाची वही होती. १९९० पासून संघाबरोबर केलेल्या प्रत्येक प्रवासाला तिच्यात एक पान दिलेले: प्रवासखर्च, मुक्काम, जेवण, आणि खाली सामन्यांचे निकाल. पहिल्या पानावर जिनोआ, ११ जून १९९०, कोस्टारिकाकडून १-० ने हार. म्हणजे कोल्हापुरात आम्ही शब्द देत होतो त्याच आठवड्यात हा माणूस तिकडे हरत होता. पुढे १९९२ चे स्वीडन, १९९६ चे इंग्लंड, १९९८ चे फ्रान्स. आणि त्यानंतर एकामागून एक दहा पाने कोरी. संघ ज्या स्पर्धेस पात्र ठरला नाही तिचे नाव आणि साल वर लिहिलेले, त्याखाली काही नाही. मी विचारले, ही पाने वाया का घालवली? तो म्हणाला, “ती वर्षे मी जगलो नाही का?”

माझे वडील रोजकीर्द लिहीत. बाजार बंद असला, लिलाव झाले नाहीत, तरी ते संध्याकाळी दिवा लागल्यावर वही उघडीत, तिथी घालीत, तिच्यापुढे ‘व्यवहार नाही’ एवढे दोन शब्द बोरूच्या वळणाने लिहीत आणि वही मिटीत. ज्या दिवशी काही आले-गेले नाही त्या दिवसाची नोंद कशाला, असे मी त्यांना लहानपणी विचारले होते. त्यांनी उत्तर दिले नव्हते. परदेशातल्या एका पायरीवर, एका अनोळखी सुताराच्या मांडीवरील वहीकडे पाहत असताना, ते मला जणू आता मिळाले.

सामना आम्ही त्याच्याबरोबर चौकातल्या पडद्यावर पाहिला. जूनमध्ये तिकडे रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे सूर्यप्रकाशात आरंभलेला खेळ अंधारात संपला. तेराव्या मिनिटाला मॅक्टॉमिनेच्या फटक्यावर स्कॉटलंडचा गोल झाला, तेव्हा त्या सुताराने मिरजकराला अक्षरशः उचलून घेतले. पुढे शाकिरीने दुरून मारलेल्या अप्रतिम चेंडूने बरोबरी झाली, तेव्हा चौकभर जो निःश्वास उमटला तो एका छातीतून निघावा तसा होता. १-१. कोणी कोणाला दोष दिल्याचे मी ऐकले नाही. माणसे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून नदीकडे निघाली, आणि नगरातील जर्मन स्त्री-पुरुष दाराशी येऊन त्यांना निरोप देत होते.

खेळातील हार आणि बाजारातील हार यांना एका तराजूत घालण्याचा अविचार मी करणार नाही. आमच्याकडे कांद्यावरील निर्यातबंदी ८ डिसेंबर २०२३ पासून ४ मे २०२४ पर्यंत चालली, आणि उठली तीही ४० टक्के शुल्क ठेवून. त्या पाच महिन्यांत ज्याचा माल गेला त्याने घरी जाऊन कोणते गाणे म्हणावे? पण मला जे जाणवले ते निराळे आहे. लासलगावच्या कांदाबाजाराच्या आवारात चार-पाचशे ट्रॅक्टर ओळीने उभे असतात, तरी लिलाव प्रत्येकाचा वेगळा. पुकारणारा आणि त्याच्यामागे व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीपाशी क्षणभर थांबतो, कोणी दोन कांदे उचलून दाबून पाहतो, भाव पुकारला जातो, चिठ्ठी फाडली जाते, आणि घोळका पुढे सरकतो. शेतकरी ढिगावर तसाच उभा असतो, हातातल्या चिठ्ठीकडे पाहत. शेजारच्या ट्रॉलीवरचा त्याच्याकडे पाहत नाही, कारण त्याचा स्वतःचा भाव आता पुकारला जायचा असतो. एवढ्या गर्दीत इतके एकटेपण मी अन्यत्र पाहिलेले नाही, आणि वर्षानुवर्षे ते पाहूनही मला त्याची सवय झालेली नाही. तोटा त्या चौकातल्या लोकांनाही चुकला नव्हता. तो झेलायला मात्र त्यांच्यातला कोणी एकटा उभा नव्हता.

आम्ही २२ तारखेला परतलो. २३ च्या मध्यरात्रीनंतर, लासलगावात घरातली सारी निजली असताना, मी स्कॉटलंडचा स्टुटगार्टमधला अखेरचा सामना पाहिला. खेळ संपायला काही क्षण उरले असताना, शंभराव्या मिनिटाला, हंगेरीने गोल केला आणि स्कॉटलंड स्पर्धेबाहेर गेला. अडीच वाजून गेले होते. मला झोप आली नाही. पहाटे विंचूर रस्त्यावर ट्रॅक्टर येऊ लागले तेव्हा मी बाहेर पडलो, आणि रांगेत उभ्या असलेल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या ट्रॉलीवर चढून त्याचा लिलाव होईपर्यंत त्याच्याजवळ उभा राहिलो. भाव त्याच्या मनासारखा आला नाही. चिठ्ठी त्याने माझ्या हातात दिली. मी ती वाचली, आणि मग आम्ही दोघे चहाला गेलो. त्या दिवसानंतर आठवड्यातून एक सकाळ मी आवारात काढतो.

२०२५ साली, १८ नोव्हेंबरला, हॅम्पडेन पार्कवर डेन्मार्कला ४-२ असे हरवून स्कॉटलंड विश्वचषकास पात्र ठरला. १९९८ नंतर प्रथमच. शेवटचे दोन गोल भरपाईच्या वेळेत झाले. पुढच्या महिन्यात, स्पर्धेची सोडत निघाल्यावर, मला ॲबर्डीनहून एक छायाचित्र आले. वहीचे नवे पान. वर २०२६ हे साल, त्याखाली १३ जून, बॉस्टन, हैती, आणि खर्चाच्या रकान्यात विमानाच्या तिकिटासाठी बाजूला काढून ठेवलेली पहिली रक्कम, सुताराच्या जाड पेन्सिलीने लिहिलेली.