ऊस आपला, वाहतूक आपली – मग गावातल्या रस्त्याची काळजी कुणाची?



गळीत हंगाम तोंडावर आला की आपल्या बोलण्यात तीनच विषय असतात. तोड कधी येणार, उतारा किती लागणार आणि पहिली उचल किती मिळणार. यात गैर काही नाही, ऊस हेच आपले पोट आहे. पण याच चार-पाच महिन्यांत हा ऊस आपल्या गावठाणातून, वेशीतून, शाळेच्या फाटकासमोरून कसा जातो, याचा विचार आपण फारसा करीत नाही. एखाद्या गावात काही वाईट घडले की पारावर दोन दिवस हळहळ होते, ड्रायव्हरला शिव्या बसतात, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच ट्रॅक्टर, तीच टेप आणि तोच वेग.

गावातला रस्ता म्हणजे काही हमरस्ता नव्हे. त्यावर सकाळी दुधाची किटली सायकलला अडकवून डेअरीला जाणारा असतो, डोक्यावर दळण घेतलेली बाई असते, कार्तिकात पहाटे काकड्याला निघालेली म्हातारी माणसे असतात आणि दहाच्या सुमाराला दप्तरे पाठीला लावून निघालेली पोरे असतात. या रस्त्याला पदपथ नसतो. चालायचे तेही तिथेच आणि गाडी चालवायची तीही तिथेच. केंद्र सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत सुमारे १ लाख ६८ हजार माणसे मेली, आणि त्यांतली ३२ हजारांवर माणसे नुसती पायी चालणारी होती. पायी चालणाऱ्याने कुणाचे काय घोडे मारले होते?

सायकलचे म्हणाल तर, मोठ्या माणसांनी ती केव्हाच सोडली आणि फटफटी घेतली. आता सायकल उरली ती शाळेच्या पोरांची, त्यातही मुलींची. राज्यातल्या काही तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या. बाकी ठिकाणी बापाने उसाच्या बिलातून घेऊन दिली. पूर्वी सातवी झाली की हायस्कूल लांब म्हणून मुलगी घरी बसायची. ती सायकलमुळे शिकू लागली. पण रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग लागली आणि एखादी मुलगी पडली, की आसपासच्या पाच घरांत एकच बोलणे होते, "राहू दे ती शाळा, हंगाम संपू दे." हंगाम संपेपर्यंत परीक्षा आलेली असते. तेव्हा हा प्रश्न नुसता हातपाय मोडण्याचा नाही. साखरेच्या जोरावर ज्या भागात शाळा-कॉलेजे उभी राहिली, त्याच भागात साखरेच्या वाहतुकीपायी मुलगी शाळेतून कमी व्हावी, हे आपल्याला शोभणारे नाही.

आता धोका नेमका कुठे असतो ते नीट पाहू. "पोराने बघून चालायला पाहिजे" एवढे म्हणून भागत नाही, कारण बघूनही फसगत होते. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या असतात. वळणावर ट्रॅक्टर ज्या चाकोरीने जातो, त्या चाकोरीने मागची ट्रॉली जात नाही. पहिली ट्रॉली आतल्या बाजूला सरकते आणि दुसरी त्याहून आत येते. वेशीच्या किंवा देवळाच्या कोपऱ्यावर सायकल धरून उभ्या असलेल्या पोराला वाटते, ट्रॅक्टर दोन हात लांबून गेला, आपण वाचलो. एवढ्यात दुसऱ्या ट्रॉलीचे चाक त्याच्या पायाशी आलेले असते. मागे भिंत, पुढे चाक. ड्रायव्हरला तर मागचे काहीच दिसत नाही. उसाची मोळी दोन्ही अंगांना हात-हातभर बाहेर आलेली असते, आरशात उसाशिवाय काय दिसणार? आणि टेप एवढी मोठी लावलेली की कुणी ओरडले तरी ऐकू जात नाही.

दुसरी गोष्ट वजनाची. दोन ट्रॉल्यांत मिळून पंधरा-वीस टन ऊस सहज असतो आणि ट्रॉलीला बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात. सगळा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर. माणसाला समोरचे दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद जातो असे धरले, तर ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी तेवढ्यात ११ मीटर, म्हणजे छत्तीस फूट पुढे गेलेली असते. ताशी २० ने जाणारी अठरा फूट. आणि वेग दुप्पट झाला की धक्का दुप्पट नाही, चौपट बसतो. २०२० साली स्टॉकहोमला रस्ता सुरक्षेची जागतिक परिषद भरली होती. जिथे माणसे, सायकली आणि गाड्या एकाच रस्त्यावर येतात, तिथे वेग ताशी ३० च्या वर नसावा, असे तिने जाहीर केले. आपल्या वेशीत, भरल्या ट्रॉलीला, मी तर म्हणतो बैलाच्या चालीहून जास्त वेग नको.

तिसरी गोष्ट आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. चालत्या ट्रॉलीमागे पळत जाऊन ऊस ओढणे. हे आपल्यातल्या बहुतेकांनी लहानपणी केलेले आहे आणि हसत हसत सांगितलेही आहे. पण तेव्हा बैलगाडी होती. गाडीवान मागे वळून चाबूक दाखवायचा, एवढाच धोका. आता पोरगे दोन ट्रॉल्यांच्या मध्ये, जोडदांड्याजवळ शिरते. पाय घसरला की मागचे चाक अंगावर. यावर शाळेत भाषणे देऊन उपयोग नाही, पोराला ऊस दिसला की ते धावणारच. माझे साधे म्हणणे आहे की हंगामात आठवड्याला चार मोळ्या ज्या त्या गावच्या शाळेत आपणच टाकाव्यात. खाऊ द्या पोटभर. एका ट्रॉलीतून रस्त्यावर सांडतो त्याहून तो ऊस जास्त होणार नाही.

रात्रीचा विषय वेगळाच. पूर्वी बैलगाडीच्या आखाखाली कंदील लोंबत असे, तो लांबून हलताना दिसे. आता टायरगाडीला मागे रिफ्लेक्टर लावतात, पण वरून वाढे असे लोंबते की रिफ्लेक्टर झाकून जातो. ट्रॉलीचेही तेच. हंगामाच्या सुरुवातीला आर.टी.ओ.ची माणसे येऊन पट्ट्या चिकटवतात, फोटो निघतात, आणि महिन्याभरात चिखल, पाचट आणि घासण्याने त्या पट्ट्या निघून जातात. पट्टी गाडीला लावून चालणार नाही. चमकणारे कापड मोळीच्या मागच्या अंगाला, भरल्या उसावर दोरीने बांधले पाहिजे, म्हणजे ते झाकले जात नाही. आणि ज्यांच्या कोप्या रस्त्याच्या कडेला पडतात त्या तोडणी मजुरांची पोरेही आपल्याच हद्दीत असतात, हे विसरू नये. कोप्यांचा तळ रस्त्यापासून आत, पाण्याच्या सोयीजवळ नेमून देणे शेतकी खात्याला अवघड नाही.

आता उपाय म्हटले की प्रत्येक गावातून एकच मागणी येते, "गतिरोधक टाका." टाकतात कसा? अपघाताच्या दुसऱ्या दिवशी दोन पाट्या काँक्रीट, हातभर रुंद आणि वीतभर उंच. त्याने ट्रॅक्टरला काही होत नाही. फटफटीवर मागे बसलेली बाई मात्र उडून पडते आणि सायकलवाला आदळतो. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ सालीच माप घालून दिले आहे. रुंदी ३.७ मीटर, म्हणजे बारा फूट, आणि मधली उंची १० सेंटिमीटर, म्हणजे चार इंच, गोलाई मंद. त्यावरून ताशी पंचवीसच्या वेगाने गाडी आरामात जाते, त्याहून जोरात नेली तर हादरते. असा एक शाळेजवळ आणि एक वेशीत, अलीकडे पांढरे पट्टे आणि पाटी, एवढे पुरे. दर पन्नास पावलांवर उंचवटा नको.

काही मंडळी म्हणतात, रस्ता रुंद करा. मला हे पटत नाही. गावठाणातला रस्ता रुंद झाला की गाडी जोरात जाते, एवढाच अनुभव आहे. खरी अडचण रुंदीची नाही, कडेची आहे. कडेला आपलाच ओटा पुढे आलेला, आपलीच कडब्याची गंजी, आपलेच शेणखत, आपल्याच दोन फटफट्या आडव्या लावलेल्या. मग चालणारा कुठून चालणार? रस्त्याच्या मधून. दोन्ही अंगांना तीन-तीन फूट मोकळी आणि सपाट साईडपट्टी ठेवली, तर अर्धे काम होईल. पण त्यासाठी पहिला ओटा सरपंचाचा आणि दुसरा संचालकाचा निघाला पाहिजे, तरच तिसरा काढेल.

आता सभासदांची हरकत सांगतो, कारण ती मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. "अहो, तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते, उतारा पडतो. त्यात तुम्ही गाड्या थांबवायला सांगता!" हरकत खरी आहे, उसाला वेळ लागला की नुकसान आपलेच. पण वेळ कुठे जातो याचा हिशेब करा. हंगाम भरात असताना भरलेली गाडी कारखान्याच्या अड्ड्यात नंबर लागेपर्यंत सहा-सहा, आठ-आठ तास उभी असते. शाळा भरण्याच्या आधी अर्धा तास आणि सुटल्यावर अर्धा तास तीच गाडी गावाबाहेर उभी राहिली, तर अड्ड्यातला मुक्काम तेवढा कमी होईल. उसाचे वजन काही वेगळ्याने घटणार नाही. तोडीचा कार्यक्रम आणि गाड्यांच्या पाळ्या नीट लावल्या तर ऊसही ताजा जाईल आणि रस्ताही मोकळा राहील. ड्रायव्हरला घाई असते ती खेपांची. खेप वाढली तर पैसे वाढतात, म्हणून तो धावतो, रात्रीचा दिवस करतो. त्याला एकट्याला दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही.

कारण मुद्दा असा, की ही वाहतूक कुणा परक्याची नाही. कारखान्याचा वाहतूकदाराशी करार असतो आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च आपल्याच उसाच्या रकमेतून वजा होतो. ज्याच्या पैशाने गाडी चालते त्याला अट घालण्याचा अधिकार आहे. करारात चार ओळी वाढवायला खर्च काय? मागचा दिवा आणि भरल्या उसावरचे चमकते कापड काट्यावर वजनाच्या वेळीच पाहावे, नसेल तर पुढच्या खेपेची चिठ्ठी देऊ नये. गावठाणात टेप बंद. वेशीपासून वेशीपर्यंत एक माणूस मागच्या ट्रॉलीबरोबर पायी चालेल. शाळेच्या त्या दोन अर्ध्या तासांत भरली गाडी गावात शिरणार नाही. दंडाचे पैसे कारखान्याने आपल्या खात्यात न घेता त्याच गावच्या साईडपट्टीला द्यावेत, म्हणजे कुणाला शंका राहणार नाही.

जिथे जमेल तिथे ऊस गावात आणूच नये, हे सर्वांत चांगले. बहुतेक गावांना शिवरस्ता किंवा पाणंद आहे, पण ती बाभळींनी आणि बांध कोरणाऱ्यांनी गिळलेली आहे. शेत-पाणंद रस्त्यांसाठी राज्य सरकारने २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी योजना काढली. ग्रामपंचायतीने प्रस्ताव करावा, कारखान्याने मुरूम आणि रोलरची मदत करावी, आणि बांधालगतच्या शेतकऱ्यांनी, म्हणजे पुन्हा आपणच, दोन फूट मागे सरावे.

जाता जाता एक माहिती. अपघात झाला की लोक गोळा होतात, पण जखमीला गाडीत घालायला कुणी पुढे होत नाही. पोलिसांचे झेंगट मागे लागेल ही भीती. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली आणि नंतर २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर खटला होत नाही, आणि नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. हे घरातल्या तरुण पोरांना सांगून ठेवा.

कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेर होते आणि तोडणी-वाहतुकीचे करार हंगामाआधी पक्के होतात. म्हणून विषय याच सभेत आला पाहिजे. मी वरील अटींचा लेखी ठराव मुदतीत कार्यालयात देणार आहे. अनुमोदनाला ज्या गावच्या शाळेसमोरून ऊस जातो अशा प्रत्येक गावचा एक तरी सभासद असावा, त्यांनी आपला सभासद क्रमांक व सही गट ऑफिसात आणून द्यावी. गांधी जयंतीच्या ग्रामसभेत साईडपट्टीचा आणि पाणंदीचा ठराव तेवढा आपापल्या गावात मांडावा.