सबब आणि सवलत

वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी ट्रायथलॉनमध्ये उतरणार आहे, असं मी घरात जाहीर केलं तेव्हा अम्मीने एकच प्रश्न विचारला, "पैसे कित्ते मिलते?" मिळत नाहीत, उलट आपणच फी भरायची असते, असं सांगितल्यावर ती काही बोलली नाही. तसबीह पुढे चालू केली. बायको मात्र खूश होती, कारण त्याच आठवड्यात माझ्या रक्ताचा रिपोर्ट आला होता आणि साखर काठावर होती. अब्बांना आम्ही याच आजारात गमावलं. त्यामुळे नवरा खुळावला तरी चालेल, पण हलला पाहिजे, असं तिचं मत होतं.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पोहणं, सायकल आणि धावणं, तिन्ही एकापाठोपाठ एक. मध्ये विश्रांती नाही आणि कपडे-बूट बदलायला लागलेला वेळही घड्याळात मोजला जातो. ऑलिम्पिकमध्ये हा खेळ २००० साली सिडनीत आला. तिथे दीड किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणं असतं. माझ्यासारख्या नवख्यांसाठी त्याच्या निम्मा 'स्प्रिंट' प्रकार आहे: ७५० मीटर, २० किलोमीटर आणि ५ किलोमीटर. मी यातच नाव घातलं. स्पर्धा दसऱ्यानंतर होती. म्हणजे सगळा सराव जून ते सप्टेंबर, आणि तोही कोल्हापुरात!

आमच्याकडचा पाऊस वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. तो येतो आणि जात नाही. फजर पढून मशिदीबाहेर पडावं तर अंधार, वरून धार आणि रस्त्यावर फक्त दूधवाले. पहिले पंधरा दिवस मी रोज काहीतरी कारण काढून परत पांघरुणात शिरलो. मग एके दिवशी वर्गात हदीस सांगताना माझंच मला ऐकू आलं. हजरत अनस (रजि.) सांगतात की, पाऊस आला तेव्हा प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी अंगावरचं वस्त्र थोडं बाजूला केलं आणि पाऊस अंगावर घेतला, कारण तो नुकताच आपल्या रबकडून आलेला होता. ज्याला आपण खराब हवामान म्हणतो, ती रहमत आहे. मग मी कशापासून तोंड लपवतोय?

दुसऱ्या दिवसापासून भिजायला लागलो. भिजताना जे शिकलो ते सांगून ठेवतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. पावसाच्या पहिल्या सरींनी रस्त्यावर साचलेलं तेल वर येतं, तेव्हा सायकल सगळ्यात जास्त घसरते. चांगला धुऊन निघालेला रस्ता त्यापेक्षा बरा. रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणं यांवर ब्रेक दाबायचा नाही आणि वळायचंही नाही. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवायची. ब्रेक लांबूनच हळूहळू धरायचा, कारण ओल्या रिमवर तो उशिरा लागतो. पाणी साचलेल्या जागेतून सायकल घालायची नाही. खाली खड्डा किती खोल आहे हे पाणी सांगत नाही. मागे लाल दिवा आणि अंगात भडक कपडे हवेत. ते शोभेसाठी नाही, ट्रकवाल्याला दिसावं म्हणून. धावताना रेनकोट घालू नये. आत घामाने तितकेच भिजतो. मांड्यांना आणि काखेत व्हॅसलिन लावावं, नाहीतर ओल्या कपड्याने कातडी सोलते. बूट गॅसजवळ वाळवू नयेत. माझ्या एका जोडाचा तळवा असाच सुटला. त्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत, सकाळपर्यंत पाणी ओढून घेतात. आणि वीज चमकल्यानंतर तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर सरळ पक्क्या इमारतीत शिरायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं.

जुलैपर्यंत मी पन्हाळ्याच्या रस्त्याला सायकल मारायला लागलो होतो. शर्ट पिळून शाळेत पोचायचो आणि वर्गात ते मिरवायचो. नववीच्या मुलांना मी एक वाक्य पाठ करून दिलं होतं, "पाऊस ही सबब नव्हे." कुणी गृहपाठ आणला नाही, कुणी उशिरा आला की अख्खा वर्ग ते वाक्य एका सुरात म्हणायचा. मला फार मजा वाटायची.

पोहण्याचा सराव आम्ही सात-आठ जण राजाराम तलावात करायचो. कमरेला नारिंगी फुगा बांधलेला, आणि काठावर एक जण लक्ष ठेवायला. पावसाचा जोर वाढला तसं आमच्या गटातल्या ज्येष्ठांनी तलावातलं पोहणं बंद केलं. पाणी गढूळ झालेलं, हात लांबवला तर बोटं दिसत नव्हती. त्यांचं बरोबर होतं, पण मला राग आला. सलग नऊ दिवस पोहणं चुकलं होतं. दहाव्या दिवशी, रविवारी, लख्ख ऊन पडलं.

मी गॉगल खिशात टाकला आणि पंचगंगेच्या घाटावर गेलो. लहानपणी अब्बांनी पाठीला पत्र्याचा डबा बांधून मला तिथेच पोहायला शिकवलं होतं. सकाळी बातम्यांत ऐकलं होतं, राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची पातळी ३४ फूट आहे. इशारा पातळी ३९ आणि धोका पातळी ४३. मी मनात शाळामास्तरी हिशेब केला: इशाऱ्यालाही अजून पाच फूट बाकी आहेत, वर ऊन आहे, काठाकाठाने दोनशे मीटर मारू.

हा हिशेब किती चुकीचा होता ते पाहा. इशारा पातळी ही काठच्या वस्तीने सामान उचलायला सुरुवात करावी म्हणून असते, पोहणाऱ्यांसाठी नसते. नदी त्याच्या कितीतरी आधी पात्राबाहेर पडलेली असते, घाटावरची छोटी देवळं पाण्यात असतात. आणि कोल्हापुरात ऊन पडलं म्हणून नदी उतरते असं नाही. पंचगंगा ही कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचं पाणी घेऊन येते. पाऊस पडतो तो राधानगरी-गगनबावड्याकडे, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडतात तिकडे, आणि पाणी आपल्याकडे पोचतं नंतर, बऱ्याचदा उन्हातच. खराब हवामान नेहमी आपल्या डोक्यावर असतंच असं नाही.

मी काठावर उभा राहून पाण्याचा वेग पाहत होतो. तेवढ्यात आरडाओरडा झाला. वरच्या बाजूने एक मुलगा वाहत येत होता. सुरुवातीला तो हात मारत होता, मग नुसतं डोकं दिसायला लागलं. घाटावर पावसाळाभर बसणारी जुनी पोहणारी मंडळी असतात, त्यांच्यापैकी दोघांनी पळत पुढे जाऊन दोर बांधलेली ट्यूब फेकली. पहिल्यांदा चुकली. दुसऱ्यांदा त्याच्या हाताला लागली. त्याला ओढून काठावर पालथा घातला तेव्हा मी जवळ पोचलो. तो माझ्याच वर्गातला होता.

खोकून खोकून पाणी बाहेर पडल्यावर त्याने डोळे उघडले, मला ओळखलं आणि रागावतील या भीतीने आधी स्वतःच बोलला, "सर, तुम्हीच म्हणालासा की, पाऊस ही सबब नव्हं."

माझा हात खिशात होता. खिशात गॉगल होता.

ट्यूब फेकणाऱ्या चाचांनी त्याला दोन शिव्या घातल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मास्तर, बरं झालं तुम्ही आलात. जरा समजावा पोरांना." मी मान हलवली. त्यांना वाटलं मी पोरांना हटकायला आलो आहे. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. ती लाज आजही आहे.

त्याला आधी डॉक्टरकडे नेलं. पाणी छातीत गेलं असेल तर त्रास काही तासांनीही होऊ शकतो, त्यामुळे वरवर ठीक दिसणाऱ्यालाही दाखवावंच लागतं. पायाला खरचटलं होतं. पुराच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो म्हणून डॉक्टरांनी त्याचीही गोळी दिली. मग त्याला घरी पोचवलं. त्याच्या आईला मी खरं सांगितलं, की मीही पोहायलाच गेलो होतो. तिने मला बसायला पाट दिला, चहा दिला, आणि चहा देताना एवढंच म्हणाली, "सर, तो आमचं ऐकत नाही. तुमचंच ऐकतो."

त्या रात्री झोप लागली नाही. मुलांना मी पावसाची हदीस सांगितली होती, पण तेवढीच. पावसाचीच दुसरी गोष्टही मला ठाऊक होती, ती सोयीने बाजूला ठेवली होती. सहीह बुखारीत आहे: एका पावसाळी दिवशी हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी मुअज्जिनला सांगितलं की, अजानमध्ये नमाजसाठी या असं पुकारण्याऐवजी लोकांना आपापल्या घरी नमाज पढायला सांग. आणि तो जुम्याचा दिवस होता! लोकांना नवल वाटलं. तेव्हा ते म्हणाले की, माझ्याहून श्रेष्ठ असलेल्यांनी असंच केलं आहे. जुमा बंधनकारक आहे खरा, पण तुम्हाला चिखलातून घसरत यायला लावणं मला बरं वाटलं नाही. हजरत इब्ने उमर (रजि.) यांचीही थंडी-वाऱ्याच्या रात्रीची अशीच रिवायत आहे.

उर्दूत 'रुखसत' म्हटलं की आपल्याला मुलीची पाठवणी आठवते. फिकहमध्ये त्याचा अर्थ सवलत. त्याच्या समोरचा शब्द अजीमत, म्हणजे मूळ हुकूम निर्धाराने पाळणं. अल्लाहने दिलेली सवलत बंद्याने घ्यावी हे त्याला आवडतं, अशा आशयाची हदीसही आहे. मी मात्र अजीमतलाच मर्दुमकी समजून बसलो होतो, आणि सवलतीला आळस.

सोमवारी वर्गात मी दोन्ही गोष्टी सांगितल्या, आणि रविवारी माझ्या खिशात काय होतं तेही सांगितलं. वर्ग गप्प झाला. मग पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "पण सर, ही सबब आहे की सवलत, हे ओळखायचं कसं?"

प्रश्न खरा होता. मी थोडा वेळ घेतला आणि म्हणालो, "त्या अजानमध्ये नमाज माफ केलेली नाही, जागा बदलली आहे. सवलत घेणाऱ्याची नमाज घरी होते. सबब सांगणाऱ्याची होतच नाही."

तेव्हापासून माझ्या सरावाचा हाच कायदा झाला. राजाराम बंधारा पाण्याखाली गेला की नदी बंद, मग वर कितीही ऊन असो. तलावाचं पाणी गढूळ झालं की तलाव बंद. पण सराव बंद नाही. खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधून पोहण्यासारखे हात ओढायचे, शाळेचा जिना वीस वेळा चढायचा-उतरायचा, व्हरांड्यात दोरीवरच्या उड्या मारायच्या. साधा पाऊस असेल तर धावणं चालूच. अम्मी दारात उभी राहून "इत्ते पानी में काँ निकला रे?" असं विचारते, आणि आता माझ्याकडे तिला द्यायला उत्तर असतं: कुठे जातोय, कोण सोबत आहे, किती वाजता परत येणार.

हे फक्त आमच्यासारख्या हौशी लोकांचं नाही. १९७९ मध्ये हवाईतल्या दुसऱ्या आयर्नमन स्पर्धेला खराब हवेमुळे एक दिवस थांबावं लागलं होतं. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पावसानंतर सीन नदीचं पाणी दूषित झालं म्हणून पुरुषांची ट्रायथलॉन ३० जुलैची ३१ जुलैला ढकलली. जगातले सगळ्यात तयार खेळाडू काठावर थांबले. कुणी त्यांना घाबरट म्हटलं नाही.

माझी स्पर्धा झाली. गंमत म्हणजे त्या दिवशी पावसाचा थेंब नव्हता, ऑक्टोबरचं रणरणतं ऊन होतं, आणि चार महिने भिजून तयार झालेला हा गडी धावताना उन्हाने हैराण झाला. एक तास बावन्न मिनिटं लागली. माझ्या वयोगटात मागून तिसरा आलो. साखरही आता काठावरून थोडी मागे सरकली आहे, अल्हम्दुलिल्लाह.

तो मुलगा आता दहावीत आहे. पावसाळ्यात मी जिना चढतो तेव्हा घड्याळ धरून खाली तोच उभा असतो. यंदा उन्हाळ्यात तलावात, नारिंगी फुगा बांधून, त्याला नीट पोहायला शिकवतोय. वर्गातलं ते जुनं वाक्य मुलं अजून म्हणतात. फक्त आता कुणीतरी मागच्या बाकावरून पुढचं जोडतं, "...पण सवलत आहे!" आणि मग मला विचारावंच लागतं, "बरं, मग गृहपाठ घरी केलास का?"

या महिन्यात पाऊस सुरू होईल. अल्लाह तो सगळ्यांसाठी रहमत करो, आणि घराघरांतल्या पोरांना पाण्यापासून सुखरूप ठेवो. आमीन.