सिम्युलेटरमधला टायर तापला पाहिजे

रेसिंग सिम्युलेशन खेळणाऱ्या मुलाला टायरबद्दल जे समजते, ते आपल्या शाळांतून लायसन्स घेऊन बाहेर पडणाऱ्याला बहुतेक वेळा समजलेले नसते. मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्यांनी आणि प्रशिक्षकांनी ही गोष्ट मनावर घ्यायला हवी. ‘असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने’सारख्या खेळात पडद्यावर चारही टायरांची छोटी चित्रे असतात. थंड टायर निळा, योग्य तापलेला हिरवा, जास्त तापलेला लाल. शेजारी हवेचा दाब पीएसआयमध्ये. वळणावर गाडी ओढली, चाके घासेपर्यंत ब्रेक दाबला, की आकडे चढतात, पकड सुटू लागते आणि उरलेल्या फेऱ्यांत झिजेची किंमत मोजावी लागते. ‘आयरेसिंग’मध्ये गाडी पिटमध्ये आली की प्रत्येक टायरच्या आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या पट्ट्याचे तापमान वेगवेगळे दिसते. मधला पट्टा जास्त तापला असेल तर हवा जास्त, दोन्ही कडा तापल्या असतील तर हवा कमी, हे खेळाडू पटकन ओळखतो. रस्त्यावरच्या टायरचे वाचनही तसेच आहे. मध्यभागी गुळगुळीत झालेला टायर जास्त हवेवर चालला, दोन्ही कडांना खाल्लेला कमी हवेवर, आणि एकाच कडेला खाल्लेला असेल तर अलाइनमेंट तपासावे लागते. एवढे शिकायला संगणकही लागत नाही. पण आपल्या वर्गात ते शिकवले जाते का?

अहिल्यानगर जिल्ह्यात हा प्रश्न ११ डिसेंबर २०२२ पासून जास्त टोकदार झाला. त्या दिवशी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि कोपरगाव तालुक्यातून थेट नागपूरपर्यंत न थांबता जाण्याची सोय झाली. कारला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. उसाच्या ट्रॉलीमागून गिअर बदलत, खड्डे चुकवत चालणाऱ्या गाडीचा टायर मधूनमधून विसावतो. समृद्धीवर तो तासन् तास एकाच वेगाने फिरतो. चालत्या टायरमधली बरीचशी उष्णता रबर आणि त्यातले थर सतत दबून-सुटून तयार होते. हवा कमी असली की साइडवॉल जास्त दबते, वेग वाढला की ती दर मिनिटाला जास्त वेळा दबते, आणि बोजा असला की प्रत्येक वेळी खोलवर दबते. तयार होणारी उष्णता बाहेर पडणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्त झाली की आतले थर एकमेकांपासून सुटू लागतात. टायर फुटल्याचा दोष फक्त समृद्धीच्या सिमेंटच्या रस्त्याला देणे सोपे आहे, पण उन्हात फिकट काँक्रीट काळ्या डांबरापेक्षा कमीच तापते. परिवहन विभागाने महामार्गाच्या प्रवेशावर टायर तपासायला सुरुवात केली आणि झिजलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या, ते योग्यच झाले. पण त्या तपासणीत नक्षीची खोली दिसते. तीन तासांनंतर टायरच्या आत काय होणार आहे, ते चालकालाच ओळखावे लागते.

याबाबतीत आपल्याकडचा सर्वांत धोकादायक सल्ला म्हणजे ‘उन्हाळा आहे, हवा जरा कमी ठेवा’. हिशेब करून पाहावा. सकाळी ३० अंशांना थंड टायरमध्ये ३२ पीएसआय हवा आहे. प्रवासात आतली हवा ७० अंशांपर्यंत तापली तर दाब ३८च्या आसपास जातो. ही वाढ कंपनीने गृहीत धरूनच दरवाजाजवळच्या पट्टीवर थंड टायरचा आकडा छापलेला असतो. वाटेत ३८ पाहून घाबरलेल्या चालकाने हवा सोडून ३२ केली, तर थंड झाल्यावर त्याच टायरमध्ये २६-२७ उरते. टायर फुटू नये म्हणून केलेल्या या उपायाने पुढच्या प्रवासात तो जास्त दबणार आणि जास्त तापणार.

यावर जाणकार आक्षेप घेतील की रेसिंगचा खेळाडू मुद्दाम कमी हवा भरून निघतो, मग खेळ उलटाच धडा देतो. आक्षेप रास्त आहे. शर्यतीतला संघ तापलेल्या टायरचा आकडा ठरवतो आणि त्यावरून मागे येत थंड टायरचा आकडा काढतो. तो टायर त्याच कामासाठी बनलेला असतो आणि काही फेऱ्यांनी उतरवला जातो. घरच्या गाडीसाठी तेच गणित कंपनीने आधी करून ठेवले आहे. म्हणून खेळातला आकडा उचलून आपल्या गाडीत भरू नये. थंड दाब आणि गरम दाब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही समज मात्र जरूर उचलावी. दुसरा आक्षेप असा, की प्रत्येक अपघात टायरवर ढकलण्याची सवय आधीच वाईट आहे. हेही खरे. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ खासगी बस जळून २५ प्रवासी गेले, तेव्हा टायर फुटल्याचे लगेच सांगितले गेले; परिवहन खात्याच्या पाहणीत त्याचा पुरावा मिळाला नाही. झोप, थकवा, वेग यांची जागा टायरने घेऊ नये. पण टायर कसा मरतो हे शिकलेला चालकच ‘टायर फुटला’ ही सबब खरी की खोटी, हे ओळखू शकेल. खेळामुळे मुले बेफाम होतात, हा तिसरा आक्षेप खेळाच्या उद्देशाबद्दल आहे. तो वर्गातल्या सिम्युलेटरला लागू होत नाही, कारण तिथे काय मोजायचे हे प्रशिक्षक ठरवतो.

जुलै २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रात सिम्युलेटर आणि चाचणी ट्रॅक सक्तीचे आहेत. हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम २९ तासांचा. सिम्युलेटरवर आपला भर क्लच-गिअर, चढ, पार्किंग, पाऊस आणि धुके यांवर असतो. त्यात आणखी एक सराव हवा : तीच गाडी, तोच रस्ता, एकदा पूर्ण हवेने आणि एकदा सहा पीएसआय कमी हवेने, आणि पडद्यावर टायरचे तापमान. पुरवठादाराकडे सिम्युलेटर मागताना ही सोय लेखी मागावी. ती मिळेपर्यंत स्टिअरिंग-पेडलचा साधा संच आणि चांगला रेसिंग खेळ चालेल, मात्र व्यावसायिक वापराचा परवाना आधी तपासावा. अहिल्यानगरच्या शाळांना आणखी एक सोय आहे. वाहन संशोधन व विकास संस्था, म्हणजे व्हीआरडीई, याच शहरात आहे, आणि वाहनचाचणीचे राष्ट्रीय केंद्रही तिथेच. जिल्ह्यातल्या शाळांनी एकत्र येऊन तिथल्या तज्ज्ञांकडे टायरवरील एका व्याख्यानाची रीतसर विनंती करावी.

तोवर पुढच्या बॅचपासून प्रत्येक विद्यार्थ्याला गाडीत बसवण्याआधी तीन गोष्टी त्याच्या हातून करून घ्याव्यात : थंड टायरला गेज लावणे, नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या कायदेशीर मर्यादेपेक्षा जास्त आहे का ते पाहणे, आणि साइडवॉलवरच्या उत्पादन-क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचणे. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला टायर. आणि स्टेपनीच्या बाबतीतही हेच सगळे करून घ्यावे. तिची हवा सहसा कोणी पाहत नाही.