माशांचें माजघर

आमच्या एका वाचक गृहस्थांचें पत्र गेल्या महिन्यांत आलें. गृहस्थ मूळचे महाडचे. चिरंजीव नोकरीनिमित्त कॅनडांत स्थायिक झालेले, आणि तेंही जेथें चार-चार महिने अंगणांतून बर्फ हालत नाहीं अशा भागांत. त्यांनीं घरामागें दोन फूट खोलीचें लहानसें तळें खणून त्यांत सोनेरी मासे सोडले आहेत. आतां सूनबाई विचारतात कीं, थंडी पडूं लागली म्हणजे ह्या जिवांचें काय करावें? घरांत आणावे कीं तळ्यांतच राहूं द्यावे? आणि आणले तर त्यांना खाऊं काय घालावें? महाडच्या उकाड्यांत बसून हा प्रश्न पुढें पाठवितांना सदर गृहस्थांस संकोच वाटला, असें त्यांनीं लिहिलें आहे. संकोचाचें कांहीं कारण नव्हतें. ह्या प्रश्नाचें निम्में उत्तर महाडपासून फार लांब नाहीं.

आमच्यापैकीं बहुतेकांचा माशांशीं संबंध रांगोळींतल्या मत्स्याकृतीपुरता आणि दशावतारांतील पहिल्या नांवापुरता. परंतु संकटकाळीं मासा घरांत आणून जगवावा, ही कल्पना आपल्या वाङ्मयांत फार जुनी आहे. शतपथ ब्राह्मणांत मनूची कथा आहे. हात धुण्यासाठीं आणलेल्या पाण्यांत त्याच्या हातीं एक लहानसा मासा लागला. मोठे मासे लहानांना गिळतात, सबब मला सांभाळ, असें त्यानें मनूस विनविलें. आणि सांभाळण्याचा क्रमही त्यानेंच सांगितला. प्रथम घागरींत, घागर पुरेनाशी झाली म्हणजे खणलेल्या खड्ड्यांत, आणि खड्डाही पुरेनासा झाला म्हणजे समुद्रांत. पुढचा प्रलय आणि ती नौका सर्वांस ठाऊक आहेत. आमचें लक्ष मात्र नेहमीं त्या घागरीकडे आणि खड्ड्याकडे जातें. मासा केवढा, ह्यावर भांडें केवढें तें ठरावयाचें. आजचें मत्स्यपालनशास्त्रही आरंभ येथूनच करितें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. माशाच्या देहाची उष्णता भोंवतालच्या पाण्याइतकीच असते. पाणी दहा अंशांनीं निवालें कीं त्याचें श्वसन, पचन, हालचाल सारें सुमारें निम्म्यावर येतें. (येथें सर्वत्र अंश सेल्सियसचे समजावे.) १० अंशांच्या खालीं सोनेरी मासा अन्नाकडे पाठ फिरवितो आणि तळाशीं जवळजवळ निश्चल राहतो. ही मरणावस्था नव्हे, योगनिद्रा म्हणा. पाण्याचा एक विलक्षण गुण अशा वेळीं त्याच्या साहाय्यास येतो. पाणी ४ अंशांवर सर्वांत जड असतें. त्याहून थंड झालेलें पाणी हलकें होऊन वर राहतें आणि गोठतें तें वरूनच. त्यामुळें तीन-चार फूट खोल तळ्यावर बर्फाचें झांकण पडलें तरी तळाचें पाणी द्रवरूप राहूं शकतें. शिवाय थंड पाण्यांत प्राणवायु अधिक मावतो. ० अंशांवर एका लिटरांत सुमारें १४.६ मिलिग्रॅम, २० अंशांवर ९.१, आणि ३० अंशांवर अवघा ७.५. हे तीन आंकडे वाचकांनीं ध्यानांत ठेवावे. पुढें त्यांचें काम पडणार आहे.

मग बर्फाळ देशांत मासे मरतात ते कशानें? निव्वळ थंडीनें क्वचित्. बहुधा त्या झांकणानें. बर्फ पसरला कीं हवा आंत जात नाहीं, आणि तळाच्या कुजक्या पानांतून सुटणारे अपायकारक वायु बाहेर पडत नाहींत. ह्यावरही सोनेरी माशानें तोड काढली आहे. प्राणवायु संपत आला कीं हा मासा देहांत सांचणाऱ्या दुग्धाम्लाचें रूपांतर मद्यार्कांत करून तें कल्ल्यांवाटे बाहेर टाकितो, व कांहीं काळ तग धरितो. हिंवाळ्यांत अंगांतच भट्टी लावून जगणाऱ्या ह्या जीवाकडे पाहून आमच्या सोंवळ्या वाचकांनीं नाक मुरडूं नये; नाइलाजाचें तें औषध आहे. तळें खोल असेल तर मासे बाहेरच ठेवावे, मात्र बर्फांत एक भोंक सदैव उघडें असावें. तें कुऱ्हाडीचे घाव घालून पाडूं नये, घावाचा हादरा पाण्यांतून माशाला बसतो; गरम पाण्याचें पातेलें बर्फावर टेकवून तो सावकाश वितळवावा.

पत्रांतील तळें दोनच फूट खोल आहे. कडक थंडींत असें तळें तळापर्यंत गोठूं शकतें. तेव्हां मासे घरांत आणणेंच इष्ट; परंतु घरांत म्हणजे बैठकीच्या उबदार खोलींत नव्हे. तळघर किंवा मोटार ठेवण्याची खोली पाहावी, जेथें पाणी गोठणार नाहीं पण ऊबही धरणार नाहीं. ५ ते १० अंशांच्या दरम्यान राहील. वीतभर माशामागें चाळीस-पन्नास लिटरांहून कमी पाणी नसावें, म्हणजे पुन्हां मनूची घागर आलीच. वर जाळी बांधावी, कारण नव्या जागीं मासा उडी मारतो. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन त्याच्या कल्ल्यांना जाळतें, तें घालविल्यावांचून पाणी वापरूं नये. हवा सोडणारा लहानसा पंप अहोरात्र चालू असावा. आणि स्थलांतर शरदांतच करावें, बाहेरचें व आंतलें पाणी सारखें थंड असतांना. अंगणांत बर्फ पडल्यावर धांवपळ करून केलेलें स्थलांतर माशाला सोसत नाहीं.

राहिला अन्नाचा प्रश्न. आणि सूनबाईंना सर्वांत अवघड जाईल तें हेंच. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया टाकीत असतो. जुन्या तळ्यांत सूक्ष्म जंतु त्याचा निकाल लावितात. नव्या हौदांत ते अजून वस्तीस आलेले नसतात, आणि असले तरी थंडींत त्यांचें काम मंदावतें. अशा पाण्यांत दयेपोटीं टाकलेली चिमूटभर कणीकही माशाच्या पोटांत तशीच राहते किंवा तळाशीं कुजते. म्हणून पाणी १० अंशांच्या खालीं असेपर्यंत कांहींही घालूं नये. अगदीं कांहीं नाहीं. दर आठवड्यास पाण्याचा दहावा हिस्सा तेवढा बदलावा. घरीं आलेल्यास विन्मुख ठेवणें आपल्या संस्कारांत बसत नाहीं, हें आम्ही जाणतों. पण ह्या पाहुण्याचा चातुर्मास उपवासाचाच असतो.

हें आम्ही पदरचें सांगत नाहीं. जपानांतील निइगाता प्रांतांत यामाकोशी म्हणून डोंगराळ भाग आहे. रंगीबेरंगी कोई माशांची पैदास तेथें एकोणिसाव्या शतकापासून होत आली आहे. हिमवर्षाव तेथें विपुल. ऑक्टोबरच्या सुमारास डोंगरउतारावरील मातीच्या तळ्यांतून मासे काढून छपराखालच्या हौदांत आणावयाचे, आणि उन्हें तापल्यावर परत सोडावयाचे, असा तेथील परिपाठ. २३ ऑक्टोबर २००४ रोजीं, म्हणजे नेमक्या ह्याच हंगामांत, तेथें भूकंप झाला. तळीं फुटलीं, रस्ते तुटले, सारा गांव हलवावा लागला. त्या आपत्तींतही लोकांनीं वांचलेले मासे हेलिकॉप्टरांतून खालीं नेले.

आतां आपल्या मुलखाकडे येऊं. येथें माशांना हिंवाळा हा सुखाचा काळ. महाबळेश्वरास वेण्णा तलावाकाठीं एखाद्या पहाटे दंव गोठतें, पण तलाव गोठत नाहीं. आणि आंबेनळीचा घाट उतरून पोलादपुरास यावें तों तेवढाही गारठा उरत नाहीं. आपल्याकडील माशांचा माघ म्हणजे वैशाख. ह्याच जिल्ह्यांत भिरा येथें २८ मार्च २०१७ रोजीं ४६.५ अंश उष्णतेची नोंद झाली. मघाचे तीन आंकडे येथें आठवावे. पाणी तापलें कीं त्यांत प्राणवायु कमी मावतो, आणि नेमका त्याच वेळीं माशाचा श्वास वाढून त्याला प्राणवायु अधिक लागतो. थंडी माशाची मिळकत वाढवून खर्च निम्म्यावर आणते; उन्हाळा मिळकत घटवितो आणि खर्च दुप्पट करितो. कॅनडांतल्या सोनेरी माशापेक्षां आमच्या काळ नदींतल्या माशाचा संसार अधिक ओढगस्तीचा आहे, असें आमचें मत आहे.

नद्यांची स्थिति वाचकांस ठाऊकच आहे. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, आणि काळ्या कातळाचा उभा उतार. पाणी आलें तसें जातें. चैत्र संपतां संपतां सावित्री काय, काळ काय, पोलादपूर-महाडच्या वरच्या अंगाला धोंड्यांच्या रांगा आणि मधून मधून डबकीं उरतात. अशा वेळीं मासा जातो कोठें? कोंडांत.

कोंड हा शब्द आमच्याकडे दोन अर्थांनीं चालतो. डोंगरांतल्या वाडीलाही कोंड म्हणतात आणि नदींतल्या खोल डोहालाही. दुसऱ्या अर्थाचा कोंड हें संस्कृत कुंडाचेंच रूप असावें. वरून झाडांची किंवा कड्याची सांवली, खालीं पुरुष-दोन पुरुष खोल पाणी. त्याचा वरचा थर तापला तरी तळ गार राहतो. घरांत जसें माजघर, तसा नदींत कोंड: बाहेर ऊन जळत असतां आंतल्या अंधारांत सारें कुटुंब गोळा झालेलें.

महाड तालुक्यांत काळ नदीवर वाळण गांवाजवळ असा एक कोंड आहे. कांठीं वरदायिनी देवीचें स्थान. कोंडांतले मासे देवीचे, म्हणून तेथें गळ टाकावयाचा नाहीं, जाळें लावावयाचें नाहीं. हे मासे महाशीर जातीचे. दख्खनी महाशीर प्रथम शास्त्रीय ग्रंथांत आणला तो कर्नल साइक्स ह्यानें, १८३९ सालीं, पुण्याच्या मुळा-मुठेंतील नमुन्यावरून. त्याच माशाच्या कृत्रिम प्रजननाचें काम १९७० च्या सुमारास लोणावळ्यास टाटांच्या वीज कंपनीनें हातीं घेतलें. हौद, नळ, तज्ज्ञ ह्यांची जोड त्यास लागली. वाळणकरांनीं मात्र हौद बांधिला नाहीं. त्यांनीं एवढेंच ठरविलें कीं, नदीच्या ज्या खोलींत मासा उन्हाळा काढतो त्या खोलींत माणसानें हात घालावयाचा नाहीं. महाशीर वाढतो सावकाश आणि दीर्घायुषी असतो. एका उन्हाळ्यांत कोंड उपसला तर कित्येक वर्षांची पिढी बुडते.

जाळ्याचें भय देवीनें निवारलें. हल्लीं भय आहे तें भक्तांचें. कोंडावर येणारी मंडळी मूठभर चुरमुरे टाकीत, पाणी उसळे, मुलें टाळ्या पिटीत. त्यांत फारसें बिघडत नव्हतें. पण सुटीच्या दिवशीं मोटारी भरभरून माणसें यावयाचीं, आणि हातांत पावाच्या लाद्या, बिस्किटांचे पुडे, कुरकुरीत तळलेले पदार्थ, वर त्यांच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. आणि हें सारें वैशाखांत, जेव्हां प्रवाह थांबलेला असतो व टाकलेलें वाहून जावयास वाट नसते. माशांनीं न खाल्लेला पाव कुजतो, आणि कुजतांना तोच तुटपुंजा प्राणवायु खातो. कॅनडांतल्या हौदांत चिमूटभर कणीक जें करिते तेंच येथें पावाची लादी करिते. पुण्य हवें असेल तर तें पावसाळ्यानंतर, नदी वाहती असतांना, चार चुरमुऱ्यांनीं मिळवावें.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. २२ जुलै २०२१ च्या अतिवृष्टींत तळिये येथें दरड कोसळली, महाड पाण्याखालीं गेलें. कडे सुटले, माती-दगड नद्यांत आले. त्यानंतर महाडच्या परिसरांतील नदीपात्रांतून गाळ काढण्याचें काम सुरू झालें. ज्यांच्या घरांत माडीपर्यंत पाणी चढलें त्यांना त्याची निकड निराळी सांगावयास नको, आणि आम्हीही त्याविरुद्ध अक्षर काढणार नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, यंत्रानें पात्र साफ करितांना त्याचा तळ रस्त्यासारखा सपाट होऊं देऊं नये. गाळानें भरलेला डोह मोकळा झाला तर माशाला माजघर परत मिळालें. डोहाच्या कडा तोडून पात्र सरसकट एका पातळींत आणलें तर उन्हाळ्यांत वीतभर तापलेलें पाणी सर्वत्र पसरेल, आणि खोल असें कोठेंच उरणार नाहीं. कोणते कोंड वैशाखांत आटत नाहींत हें प्रत्येक वाडीवरच्या म्हाताऱ्यांना पाठ आहे. त्यांना विचारून त्यांची यादी करण्यास एका गांवाला एक दुपार पुरेल.

मृगाचा पाऊस लागला कीं कोंडांतली कोंडी फुटते. पहिलें तांबडें पाणी येतांच मासे उलट्या अंगानें चढूं लागतात. चढणीच्या ह्याच दिवसांत पोटांत अंडीं असलेले मासे उथळ पाण्यांत अलगद सांपडतात, आणि ओढ्याओढ्यावर लोकांची झुंबड उडते. अशोकानें आपल्या पांचव्या स्तंभलेखांत चातुर्मासी पौर्णिमांच्या दिवशीं मासे मारण्यास व विकण्यास मनाई केली होती. त्या पौर्णिमांपैकीं एक आषाढाची, म्हणजे नेमकी चढणीच्या दिवसांतली.