साल्हेरची वाट मोडू देऊ नका

आम्ही लिंबायतकर मूळचे सुरतचे नव्हेत. कुणी धुळ्याचे, कुणी जळगाव-नंदुरबारचे, काही थोडे बागलाणातले. कुणाचा बाप लूमवर आला, कुणाचा आजा कापडाच्या गाठी उचलायला. गल्लीत अजून अहिराणी ऐकू येते. शिवजयंतीला झेंडे लागतात, पोरं घसा फुटेस्तोवर घोषणा देतात. पण ज्या सुरतेचा इतिहास आपण सांगतो त्याच सुरतेत आपण उभे आहोत, हे त्यांच्या गावीही नसतं!

आमच्या कचेरीतले एक सुरती सहकारी मात्र हे विसरत नाहीत. चहाच्या वेळी हमखास म्हणणार, "भाऊ, तमे लोकोए अमने लूंट्या हता!" चेष्टाच असते, पण तिला उत्तर काय द्यायचं? मी एकदा म्हटलं, "चला, ती संपत्ती ज्या मुलखातून गेली तो मुलूख तरी पाहू." आणि खरोखरच गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघे, दोन मराठी नि दोन गुजराती, आहव्यावरून जीप करून साल्हेरला गेलो.

१६६४ आणि १६७० अशा दोन वेळा महाराज सुरतेवर आले. दुसऱ्या वेळी, ऑक्टोबर १६७० मध्ये, परतीची वाट बागलाणातून होती आणि वणी-दिंडोरीजवळ दाऊदखानाशी लढाई झाली. पुढच्याच वर्षी साल्हेर स्वराज्यात आला. मोगलांनी वेढा घातला तेव्हा मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर दोन बाजूंनी चालून आले आणि १६७२ च्या फेब्रुवारीत गडाच्या पायथ्याशी उघड्या मैदानात मोठी लढाई झाली. गनिमी काव्याची नव्हे, समोरासमोरची. सूर्यराव काकडे तिथेच पडले. हे सगळं पुस्तकात वाचलेलं होतं. पण पायांना कळणं वेगळं.

वाघांबे गावातून चढायचं, साल्हेर आणि सालोटा यांच्या मधल्या खिंडीत यायचं, कातळात खोदलेल्या पायऱ्या आणि एकामागून एक दरवाजे पार करत माथा गाठायचा आणि पलीकडे साल्हेरवाडीत उतरायचं. एका गावातून दुसऱ्या गावात, मध्ये हा डोंगर. पूर्ण दिवस लागतो. उंची १५६७ मीटर. कळसूबाईखालोखाल महाराष्ट्रातलं दुसरं शिखर. वर गंगासागर तलाव, रेणुकेचं देऊळ आणि अगदी टोकाला परशुरामाचं छोटं मंदिर.

गोव्याच्या वाचकांनो, इथे जरा थांबा! परशुरामाने बाण मारून समुद्र हटवला आणि आपली भूमी काढली, ही कथा तुम्ही लहानपणापासून ऐकता. बागलाणातले लोक सांगतात, तो बाण साल्हेरच्या माथ्यावरून सुटला. कथेचा पुरावा मागायचा नसतो. पण एकाच कथेची दोन टोकं सह्याद्रीच्या दोन टोकांना सापडावीत, याचं मला मोठं अप्रूप वाटलं.

आता मुद्द्याचं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. साल्हेर त्यातला एक. आनंद झालाच. पण धास्तीही वाटली. आपल्याकडे एखादं ठिकाण गाजलं की पहिल्यांदा काय सुचतं? गाडी वरपर्यंत जाईल असा रस्ता, सिमेंटच्या पायऱ्या, टपऱ्यांची रांग. लोक तासाभरात 'पॉइंट' पाहून परत. गाव मात्र खालीच राहतं, धूळ खात.

इटलीत चिंक्वे तेर्रे म्हणून समुद्रकाठच्या डोंगरउतारावर पाच जुनी गावं आहेत. १९९७ पासून तीही वारसा यादीत आहेत. लोक तिथे जातात ते गावं जोडणाऱ्या पायवाटा चालायला. वर डोंगराच्या धारेवरून एक वाट, खाली समुद्राजवळून दुसरी. तिथल्या गिर्यारोहण संघाने, जो १८६३ सालचा आहे, देशभर वाटांवर लाल-पांढऱ्या खुणा रंगवल्या आहेत. काही वाटांवर चालायला पैसे मोजावे लागतात. खालच्या वाटेचा एक तुकडा २०१२ मध्ये दरड कोसळून बंद पडला, तर तो दुरुस्त करून २०२४ मध्ये पुन्हा उघडला. एका पायवाटेसाठी बारा वर्षं! आपण असती तर मोडू दिली असती.

कुणी म्हणेल, साहेब, गावकऱ्यांना रस्ता नको का? हवाच. गावापर्यंत पक्का रस्ता, दवाखाना, एसटी, सगळं हवं. माझं म्हणणं गावाच्या पुढचं आहे. गाडीने वर जाणारा पाहुणा वाघांब्यात कशाला थांबेल? चालणाऱ्याला मात्र रात्री अंथरूण लागतं, सकाळी नागलीची भाकरी लागते, वाट दाखवणारा माणूस लागतो. या पट्ट्यात कोकणा नि भिल्ल समाजाची वस्ती आहे. गडाची खडान्‌खडा माहिती त्यांना आहे. तिचे पैसे त्यांना मिळायला हवेत, बाहेरून आलेल्या ठेकेदाराला नव्हे. खुणा रंगवा, ढासळलेल्या पायऱ्या दगडातच बसवा, पाणी स्वच्छ ठेवा, चालण्याचं शुल्क ग्रामपंचायतीला द्या. याला फार मोठा निधी लागत नाही.

आणि लिंबायतमधल्या मराठी शाळांनी वर्षातून एकदा तरी पोरांना तिथे न्यावं. सुरत आणि साल्हेर यांच्यामध्ये डोंगर किती, माणसं कोण, हे कळलं की घोषणेतला माज उतरेल आणि अभिमान उरेल. सुरतेने आमच्या बापजाद्यांना भाकरी दिली आणि त्या डोंगरांनी आम्हाला नाव दिलं. दोन्हींचं ऋण एकाच पोराला सांगता आलं पाहिजे.

साल्हेरवाडीत उतरल्यावर आमचे सुरती सहकारी पाय चोळत म्हणाले, "एवढं ओझं घेऊन या असल्या मुलखातून गेले? मग त्यांचंच ते!" असो. हे उत्तर मला कचेरीत बसून कधी सुचलं नसतं.